कपाटाच्या दारावरच्या टिकल्या

माझ्या कपाटाचं डावं दार उघडलं की आतल्या बाजूला कागदाची एक लांब पट्टी दिसते. आलेखवहीची पानं एकाखाली एक चिकटवून मी ती केली होती. तिच्यावर टिकल्या आहेत, कपाळाला लावायच्या, पाकिटात मिळतात त्याच. पिवळी टिकली म्हणजे सकाळची गोळी घेतली. हिरवी म्हणजे दुपारचं जेवण झालं. काळी म्हणजे रात्री झोप लागली नाही. आणि लाल म्हणजे त्या दिवशी माझ्या सासूबाई पडल्या.

मी अंगणवाड्यांची सुपरवायझर आहे. घर बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात. माझ्याकडच्या अंगणवाड्या मात्र खकनारच्या बाजूला, पार डोईफोडियापर्यंत, जिथे केळीच्या बागा संपतात आणि जंगल लागतं. आठवड्यातून दोनदा-तीनदा मी स्कूटीवर तिकडे दौऱ्याला जाते, बाकीचे दिवस गावातल्या ऑफिसात बसून कागद भरते. आमच्या कामात दर महिन्याला मुलांची वजनं घेतात. आता ती मोबाईलमध्ये भरायची असतात, पण मी आधी कागदावर ठिपका देते आणि मागच्या महिन्याच्या ठिपक्याला जोडते. रेषा वर चालली असेल तर मी निवांत चहा घेते. आडवी झाली तर सेविकेला चार शब्द सुनावते. खाली आली तर त्या मुलाच्या घरी जाऊन उभी राहते. पंधरा वर्षं हेच करून माझा असा समज झाला होता, की कुठल्याही गोष्टीचे ठिपके नीट दिले की तिचं कारण आपोआप समोर येतं.

सासूबाई पहिल्यांदा पडल्या त्या संक्रांतीनंतर. त्याच्या महिनाभर आधी त्यांना शुगर निघाली होती आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती. दुपारी शेजारणीचा फोन आला, "भाभी, जल्दी या. आई ओट्यावर पडल्या आहेत, बोलतच नाहीत." मी पोचले तोवर शेजारणीने त्यांच्या तोंडात साखरपाणी घातलं होतं आणि त्या उठून बसल्या होत्या. पदर घामाने भिजलेला, चेहरा पांढरा. मला बघून म्हणाल्या, "काई नाही झालं. तू जाय, हातपाय धू."

डॉक्टरांनी शुगर तपासली, ती ठीक निघाली. रक्तदाब ठीक. हृदयाचा ईसीजी काढला, तोही ठीक. "गोळी घेऊन जेवतात ना?" त्यांनी विचारलं. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की गोळी मी स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवते, माझ्यासमोर गिळायला लावते, मगच घराबाहेर पडते. नवरा केळीच्या आडतीवर असतो, तो पहाटेच जातो, त्यामुळे हे सगळं माझ्याच अंगावर. ताट वाढून झाकून ठेवते, परत येते तेव्हा ते धुऊन पालथं घातलेलं असतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, चक्कर येते कधीकधी.

दीड महिन्याने त्या पुन्हा पडल्या. या वेळी न्हाणीघराच्या दारात, आणि भुवईपाशी फुटलं. त्या दिवसापासून मला फोनची भीती बसली. मी फोनचा आवाज बदलून बघितला, तर नव्या आवाजाचीही भीती वाटायला लागली. घरी असले की माझे कान त्यांच्याकडे. भांडं पडलं तरी मी धावायची. त्या दुपारी आडव्या झाल्या की मी दारात उभी राहून त्यांचं पातळ वरखाली होतंय का ते बघायची. एकदा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "काय बघतं? जित्ती आहे मी." मी म्हणाले, तेच बघत होते. आमचं बोलणं पहिल्यापासून असंच. त्यांची जीभ तिखट आणि माझ्या नाकावर राग, त्यामुळे घरात शांतता अशी कधी नव्हतीच.

दुसऱ्या पडण्यानंतर मी ती पट्टी केली. एक दिवस म्हणजे एक आडवी ओळ, आणि प्रत्येक गोष्टीला एक उभं घर. गोळी, जेवण, झोप. नंतर घरं वाढत गेली. ऊन किती होतं, वीज गेली होती का, मंदिरात गेल्या होत्या का. एक घर मी आमच्या भांडणांचंही ठेवलं. लाज वाटली, पण ठेवलं. माझा संशय असा होता की मी बोलले आणि ते त्यांना लागलं की त्या पडतात. तसं काहीच निघालं नाही. भांडणाची टिकली जवळजवळ रोज होती.

तिसरी लाल टिकली लागली तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, अमावस्या बघ जरा." मी तिला झापलं. मुलाच्या दंडाला दोरा बांधून वजन वाढेल म्हणणाऱ्या बायांना मी भर अंगणवाडीत बोलते, आणि माझ्याच घरात अमावस्या? तरी ती गेल्यावर मी कॅलेंडर काढलं. तीनपैकी दोन लाल टिकल्या अमावस्येला लागून होत्या. मी कपाटासमोर खाली बसले. तुम्ही ज्याला हसता तेच कागदावर समोर दिसायला लागलं की हसू कुठल्या कुठे जातं. पुढच्या अमावस्येला मी रजा टाकून घरी बसले. दिवसभर त्यांच्या मागेमागे फिरले. काही झालं नाही. त्यांनी त्या दिवशी पोटभर वरण-बट्टी खाल्ली आणि मला विचारलं, बरं नाही का तुले. सहा दिवसांनी, मी दौऱ्यावर असताना, त्या पडल्या.

त्यानंतर मला पट्टीकडे बघवेना, आणि बघितल्याशिवाय राहवेनाही. रोज सकाळी दार उघडायचं, लाल टिकल्यांमधले दिवस मोजायचे. चव्वेचाळीस, पस्तीस, बत्तीस. दोन पडण्यांमधलं अंतर कमी होत चाललं होतं. मुलाच्या वजनाची रेषा अशी खाली येत असती तर मी रात्रीतून गाडी करून त्याला दवाखान्यात नेलं असतं. इथे कुठे न्यायचं तेच कळत नव्हतं. जळगावलाही दाखवून झालं होतं. आता पुढची टिकली शेवटची असेल, ही भीती मला भाजी निवडतानाही सुटत नव्हती, आणि ती मी कुणाला बोलूनही दाखवली नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी डोईफोडियाच्या अलीकडच्या वळणावर, बारीक खडीवर माझी स्कूटी घसरली होती आणि डावा हात मोडला होता. प्लास्टर घालून घरी आले तेव्हा सासूबाईंनी नोकरी सोड म्हणून धरलं. मी म्हणाले, तुमच्या मुलाला सांगा केळी सोडायला, मग बघू. तो विषय तिथे संपला. मी मात्र त्या दिवसापासून कुठे चालले हे घरात सांगणं बंद केलं. सकाळी गोळी द्यायची, डबा घ्यायचा, निघायचं. ऑफिसात गेले की दौऱ्यावर, हे त्यांना कळत नाही अशी माझी समजूत होती.

पावसाळा तोंडावर आला होता. डोईफोडियाच्या अंगणवाडीत मी एका मुलीच्या वजनाचा कागद बघत होते. रेषा दोन महिने वर, मग एक महिना खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मी सेविकेवर तोंड सोडलं. आहार नीट देत नाही, वजनकाटा तपासत नाही, असं सगळं बोलून घेतलं. ती शांत बाई आहे. माझं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पोरीले काई नाही झालं. तिची माय ज्या महिन्यात केळी कापाले बाहेरगावी जाते, त्या महिन्यात वजन उतरतं. या कागदावर मायसाठी घरच नाही ना."

मी मोबाईल काढला. त्यात कपाटाच्या पट्टीचा फोटो होता. पर्समधून दौऱ्याची डायरी काढली आणि लाल टिकल्यांच्या तारखा एकेक करून तिच्याशी ताडल्या. पहिली, खकनार. दुसरी, डोईफोडिया. तिसरी, चौथी, त्याही दौऱ्याच्याच दिवशी. एकही पडणं ऑफिसच्या दिवशी नव्हतं. रविवारी नव्हतं, सणाला नव्हतं. ज्या दौऱ्यांवरून मी दुपारी लवकर परतले होते त्या दिवशी काही झालेलं नव्हतं, आणि ज्या दिवशी उशीर झाला त्यातलेच हे चार दिवस होते. पट्टीवर वीज होती, ऊन होतं, अमावस्या होती, पण माझं स्वतःचं घर मी कुठे आखलंच नव्हतं.

आणि आजही दौरा होता. दोन वाजून गेले होते.

मी घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शेजारणीला लावला, ती माहेरी गेलेली. नवऱ्याचा फोन लागेना. मी डबा, छत्री तिथेच टाकून निघाले. कारण मला अजूनही कळलेलं नव्हतं. मी घरी नसताना कुणी येतं का, त्या काही खातात का, की मला धडा शिकवायला हे करतात, असलं घाणेरडंही मनात येऊन गेलं. स्कूटी मी कधी चालवली नाही तशी चालवली. त्या वळणावर मागचं चाक सरकलं, गाडी आडवी होता होता राहिली.

सासूबाई ओट्यावर, खांबाला टेकून कलंडल्या होत्या. समोर गल्लीतली गाय उभी होती आणि गायीपुढे मी सकाळी वाढून ठेवलेलं ताट होतं, रिकामं. सासूबाईंचे डोळे अर्धवट उघडे, अंग गार आणि घामाने चिंब. मी घरातून मूठभर साखर आणली आणि त्यांच्या ओठांशी धरली. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी बोटाने उघडायला गेले तर दात आवळले. "आई, तोंड उघडा." नाही. "आई, मी आले. बघा, घरी आले मी." तेव्हा त्यांचे डोळे माझ्या तोंडावर येऊन थांबले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

संध्याकाळी त्या नीट बोलायला लागल्यावर मी विचारलं, "ताट गाय खाते?"

"हव."

"कधीपासून?"

"तुझा हात मोडला तव्हापासून." त्या गोधडीचा दोरा ओढत होत्या. "त्या दिवशी मी पोटभर जेवली होती. वांग्याची भाजी होती, दोन घास जास्तच खाल्ले. अन् तिकडे तू रस्त्यावर पडेल होती. मंग मी ठरवलं. तू तिकडे गेली का तू घरी येईपर्यंत मी खाणार नाही. पाणी पेते."

"मी कुठे चालले हे तुम्हाला कसं कळतं? मी तर सांगत नाही."

"चपला घातल्या का ऑफिस. बूट घातले का खकनार." एवढं सोपं होतं ते. दौऱ्याला मी बूट घालते, खडीवर पाय टेकायला बरे पडतात. माझ्या नऊ घरांच्या पट्टीला जे दिसलं नव्हतं ते त्यांनी तीन वर्षं नुसत्या माझ्या पायांकडे बघून ओळखलं होतं.

"आई, तुम्ही उपाशी आणि वरून ती गोळी. म्हणून पडता तुम्ही. गोळी मीच देत होते."

"तू म्हणे गोळी चुकवाची नाही. मी चुकवली नाही."

मी रडले. त्यांच्यासमोर मी लग्नात सुद्धा रडले नव्हते. त्या म्हणाल्या, "मी उपाशी राहाले लागली तव्हापासून एकदा तरी पडली का तू? सांग." मला आजचं वळण आठवलं. चाक सरकलं होतं, पण मी पडले नव्हते. त्यांच्या हिशेबाने आजचा दिवसही बरोबरच होता. त्यांची पट्टी माझ्यापेक्षा जास्त भरलेली होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती.

डॉक्टर त्यांच्यासमोरच म्हणाले, ही गोळी घेऊन अजिबात उपाशी राहायचं नाही, जीवावर बेतेल. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, मग तू जाशीन त्या दिवशी गोळी देऊ नको. मी म्हणाले, गोळीही घ्यायची आणि जेवायचंही. दोन दिवस आम्ही यावरून भांडलो. तिसऱ्या दिवशी मी बूट पिशवीत घालून गुपचूप ऑफिसात नेऊन ठेवले, टेबलाखाली. मला वाटलं, आता सुटले.

पुढच्या दौऱ्याला मी चपला घालून निघाले. गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि माझ्या पायांकडे बघून विचारलं, "ऑफिस?"

"ऑफिस," मी म्हणाले. आमच्यात शब्दाला शब्द पुष्कळ झाले होते, पण मी त्यांच्याशी धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते.

त्या दिवशीच्या रस्त्याचं काय सांगू. बूट ऑफिसातून घालून घेतले होते, गाडी नेहमीची, रस्ता पाठ, आणि तरी मी गाडी रांगतच चालवत होते. राहून राहून एकच मनात यायचं, आत्ता त्या जेवत असतील. आज त्या जेवल्या आणि आजच मी पडले तर? मग पुन्हा आयुष्यात त्या दुपारी जेवणार नाहीत, आणि त्यांचंच खरं ठरेल. खोटं का बोलू, नुसतं एवढंच नव्हतं. त्या आज जेवल्या म्हणूनच मी पडेन, असंही वाटत होतं. पंधरा वर्षं ठिपके जोडणारी मी, त्या वळणावर गाडीवरून उतरले आणि स्कूटी हाताने ढकलत पलीकडे नेली. दुपारी अंगणवाडीत डबा उघडला, एक घास तोंडात फिरवला आणि झाकण लावून टाकलं.

परतायला चार वाजले. बूट ऑफिसात काढून, चपला घालून मी घरी आले. सासूबाई दारातच बसल्या होत्या. शेजारी ताट होतं, झाकलेलं. मी झाकण उचललं. भाकरी, भाजी, सगळं जागच्या जागी.

"पलंगाखाली बूट नव्हते," त्या म्हणाल्या. "घरी नाहीत म्हणजे तुझ्याच पायात असतील."

सकाळी आठला गोळी पोटात गेलेली, आता चार. मी साखरेच्या डब्याकडे धावले. घाईत डबा हातातून पडला आणि साखर सांडली. मी तीच गोळा करायला लागले. मागून त्यांचा आवाज आला, "थांब. इकडे ये."

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत ती पांढरी गोळी होती, जराशी विरघळून खडबडीत झालेली. सकाळी जिभेखाली धरून ठेवली होती म्हणाल्या, मी कोपऱ्यावर वळेपर्यंत. "गोळी घेऊन उपाशी राहू नाही असं डॉक्टरनं सांगितलं ना. म्हणून नाही घेतली."

मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसले. त्यांनी माझ्या पिशवीतून डबा ओढून काढला, उघडून बघितला, आणि बंद करून आपल्या ताटाशेजारी ठेवला. मी आतून नवी गोळी आणली. त्यांनी ती घेतली. जेवणाआधी अर्धा तास थांबायचं असतं, म्हणून आम्ही दोघी तिथेच थांबलो. गाय आली, त्यांनी तिला हुसकून लावलं.

त्या रात्री मी पट्टीवर माझं घर आखलं. टिकली लावायच्या आधी बाहेर आले आणि त्यांना सांगितलं, "सोमवारी डोईफोडिया आहे. बूट घालूनच जाईन. त्या दिवशी गोळी मी आल्यावर."

"किती वाजता येशीन?"

तीन वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, कारण मी कधी सांगितलंच नव्हतं. "तीन," मी म्हणाले, आणि म्हणताक्षणी मला भीती वाटली, कारण तीन वाजेपर्यंत त्या उपाशी बसणार होत्या आणि मला यायचं होतं, तेही न पडता.